देवाजीचं क्लिअर

देवाजीला इंग्रजीतला एकच शब्द यायचा, पण त्या एका शब्दावर तो अर्धा संसार हाकायचा.

शब्द होता 'क्लिअर'. हा त्याला शाळेत मिळाला नव्हता. इंग्रजीचा तास असला की देवाजी शेताच्या बांधावर असायचा, आणि मास्तरही त्याला शोधायला फार लांब जात नसत. शब्द मिळाला तो भद्रावतीकडे, कोळशाच्या ट्रकवर. तिथे अकरा वर्षं तो झाडूभाऊ नावाच्या ड्रायव्हरचा क्लीनर होता. ट्रक मागे घ्यायचा असला की देवाजी खाली उडी मारायचा, मागे जाऊन वाकून पाहायचा आणि फाळक्यावर तळहाताची थाप देऊन म्हणायचा, "क्लिअर." त्यानंतर झाडूभाऊ आरशात बघायचे कष्ट घेत नसे.

पुढे गुडघ्याने दगा दिला आणि देवाजी गावी परतला. आवळटोला म्हणजे ब्रह्मपुरीहून जीपने तासभर, भाताच्या बांध्या जिथे संपतात आणि जंगल जिथे सुरू होतं तिथे वसलेली साठ घरं. ट्रक सुटला, शब्द सुटला नाही. सकाळी पोट साफ झालं की पोट क्लिअर. आभाळ निवळलं की आभाळ क्लिअर. भावाशी शेताच्या धुऱ्यावरून चाललेला तंटा मिटला, तो मामला क्लिअर. मुलगी नंदिनी बारावी झाली, तिचे सगळे पेपर क्लिअर. तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी दोनदा चहा पिऊनही काही सांगितलं नाही, तर 'त्यायचा विचार क्लिअर नाई'. फोनवर आवाज नीट येत नसला तर समोरच्यालाच तो 'जरा क्लिअर व्हा' अशी विनंती करायचा. दहा वर्षांपूर्वी गावातल्या नीलाबाईचा सासरा दवाखान्यात वारला, तेव्हा देवाजीने तिच्या माहेरी फोन करून म्हातारा सकाळीच क्लिअर झाला असं कळवलं. ती माणसं दवाखान्यातून सुट्टी झाली समजून सफरचंदं घेऊन आली. नीलाबाईने त्याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नव्हतं. सफरचंदं मात्र वाटून टाकली होती.

नंदिनीने एकदा डिक्शनरीत हा शब्द काढला. अर्थ इतके निघाले की पान उलटावं लागलं. देवाजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारलं, की यात ट्रकवाला अर्थ कुठी हाय? तो नव्हता. मग डिक्शनरीच कच्ची आहे असं ठरवून तो आंघोळीला गेला.

पण या एवढ्या अर्थांत एक अर्थ असा होता की त्याच्या भरवशावर माणसं जंगलात जात.

तीन वर्षांपूर्वी, मोह गळायच्या दिवसांत, शेजारच्या गावातली एक बाई वाघाच्या तोंडी गेली. झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसतच नाही, चार पायांचं काहीतरी दिसतं, असं नंतर वनखात्याचे साहेब येऊन सांगून गेले. मग गावोगावी पाच-सहा जणांचं पथक उभं राहिलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक, लोकांच्या तोंडी पीआरटी. देवाजीला एक जॅकेट मिळालं, शिट्टी, बॅटरी आणि काठी. जॅकेट त्याने एप्रिलच्या उन्हातही अंगावरून उतरवलं नाही. मेला तर घामाने मरेल, वाघाने नाही, असं गिरजाबाई आपल्या चहाच्या टपरीवर बसून म्हणायची.

गंमत करायला सगळे होते, काम करायला देवाजीच. त्याची रीतही त्याने स्वतःच बसवली होती. गावातून मोहाच्या झाडांकडे जायला एकच पांदण. ती जंगलात शिरते तिथे वीसेक पावलं मऊ फुफाटा. रोज संध्याकाळी देवाजी बाभळीची फांदी ओढत तो फुफाटा सारखा करायचा आणि शेवटी अगदी कडेला, जिथून कोणी चालत नाही अशा जागी, आपल्या उजव्या चपलेचा ठसा दाबायचा. तो त्याचा शिक्का. सकाळी उजाडलं की सायकल लावून तो आधी शिक्का बघायचा. शिक्का जागेवर असला तर रात्री वारा-पाऊस काही झालं नाही, म्हणजे बाकीचा फुफाटा सांगतो ते खरं. मग तितराची बोटं, सशाच्या उड्या, साळिंदराने काटे घासत काढलेल्या रेघा. आणि या सगळ्यांत तो एक वाटोळा, नखं न दिसणारा पंजा आहे की नाही. नसला तर बायकांच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज: "क्लिअर." नऊ बायका टोपल्या उचलून निघायच्या. त्या नऊ जणींत देवाजीची बायको वच्छलाही होती.

वाघाने पांदणीनेच यावं असा काही कायदा नाही, हे देवाजीला ठाऊक होतं. बायकांनाही ठाऊक होतं. पण मनाला टेकायला तेवढीच एक जागा होती. बाकी सगळीकडे क्लिअर हा शब्द गोष्ट होऊन गेल्यावर येतो. पेपर झाला, मग क्लिअर. इथे तो गोष्ट व्हायच्या आधी सांगायचा होता. या फरकामुळे मोहाचे दोन महिने देवाजीला जेवण जात नसे आणि झोप लागत नसे. बायका सकाळी दहाच्या सुमारास परतायच्या, तोवर तो टपरीवर बसून पांदणीकडे बघत राहायचा. नऊ पदर मोजून झाले की मग त्याला भूक लागायची.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला सलग दोन दिवस फुफाट्यात पंजा निघाला. दोन्ही दिवस देवाजीने "नाई" असा मेसेज टाकला. फुलं झाडाखाली पडून राहिली आणि हरणांनी मनसोक्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलाबाई दाराशी आली. नऊ जणींची पुढारी तीच. ओसरीवर न बसता ती म्हणाली, "देवाजीभाऊ, आमच्यासाठी कायले तरास घेता? सरळ हरणायच्याच ग्रुपवर मेसेज टाकत जा. थे तरी तुमचे उपकार मानतील."

अंगणातल्या बायका हसल्या. वच्छला हसली नाही. रात्री ताटात भाजी वाढताना मात्र ती हळूच म्हणाली, "उद्या पाहा जरा." त्या 'जरा'पाशी देवाजीचं जेवण संपलं.

आणि नेमकी त्याच रात्री त्याला गाढ झोप लागली. कूलर घरघरत होता, देवाजी घोरत होता. सकाळी उठायला उशीर झाला. घाईने सायकल मारत तो पांदणीच्या तोंडाशी पोचला आणि फुफाटा बघून त्याचा जीव एकदम हलका झाला. इतका साफ फुफाटा त्याने कधी पाहिला नव्हता. पंजा नाही. तितर नाही. साधा ससासुद्धा नाही. सायकलवर बसल्या बसल्याच, एक पाय जमिनीला टेकवून त्याने फोन काढला. "क्लिअर." आवाजात थोडा तोराही होता, नीलाबाईला कळावा एवढा.

परतताना बायका वाटेत भेटल्या. नीलाबाईने आज वाघ सासरी गेला वाटतं असं विचारलं आणि देवाजीने मान डोलावली. वच्छला शेवटी चालत होती. तिने त्याच्याकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. तेवढंच.

टपरीवर गिरजाबाईने चहाचा ग्लास पुढे केला तेव्हा पियुषचा फोन आला. पियुष म्हणजे जंगलचौकीवरचा बीटगार्ड, पंचविशीतला पोरगा, देवाजीला भाऊ म्हणायचा. तुमच्या गावात काही पडझड झाली का, असं तो विचारत होता. पहाटे तीन वाजता असा वारा सुटला, की चौकीच्या छताचे दोन टिन उडून नाल्यात गेले.

देवाजी म्हणाला, इकडे काही नाही, मी तर झोपलो होतो. फोन ठेवला. ग्लास उचलला आणि तो ओठांपाशीच राहिला.

तितर नाही. साधा ससासुद्धा नाही.

तो फुफाट्याची उजवी कड आठवू लागला. शिक्का होता की नव्हता? डोळ्यांपुढे सगळी पांदण येत होती, तेवढी कड येत नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की ती येणारच नाही. आठवायला आधी बघावं लागतं.

त्याने वच्छलाला फोन लावला. नाल्यापलीकडे रेंज नसते हे त्याला माहीत होतं, तरी तीनदा लावला. बायका जाऊन पाऊण तास झाला होता. गिरजाबाई काय झालं म्हणून विचारत होती, पण देवाजी तोवर सायकलवर होता.

पांदणीच्या तोंडाशी आता फुफाट्यावर नऊ जणींची पावलं होती, सगळी मधून, आत जाणारी. कडेचा फुफाटा जसाच्या तसा, आणि त्यात चपलेचा ठसा नव्हता. संध्याकाळी कुंपणाला टेकवून ठेवलेली बाभळीची फांदी दहा पावलं लांब पालथी पडली होती. सकाळी तो तिच्याच बाजूने सायकल घेऊन गेला होता. पांदण साफ नव्हती. वाऱ्याने पुसली होती. पाटी पुसलेली बघून त्याने पोराला शंभर मार्क दिले होते.

सायकल टाकून तो चालू लागला. गुडघा कळ मारत होता, पण आज त्याची तक्रार ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. नाल्यात वाळू ओली होती. ओल्या वाळूचं वाऱ्याला काही करता येत नाही. तिथे पंजा होता. एक, दोन, चार. कडा धारदार, आत जाणारे. आणि तिसऱ्या पंजावर बाईच्या चपलेची टाच उमटलेली. म्हणजे तो आधी गेला, बायका मागून. त्यांनी खाली पाहिलं नव्हतं, आणि का पाहतील? त्यांना सांगितलेलं होतं.

देवाजीने शिट्टी तोंडात धरली आणि परत काढली. शिट्टीचा अर्थ गावात सगळ्यांना पाठ होता: धोका आहे, पळा. पण बायका पळाल्या तर नऊ दिशांना पळतील, आणि पळणाऱ्याच्या मागे जनावर लागतं. नाही वाजवली तर त्या वाकलेल्याच राहतील.

शेवटी तो बोलू लागला. मोठ्याने, पण बाजारात भाव विचारावा अशा सुरात. "नीलाबाई, उभ्या राहा जी. सगळ्याजणी उभ्या राहा. वाकू नोका. पळू नोका. मी येऊन राह्यलो." पुन्हा तेच. पुन्हा तेच. शब्द फाटू लागले, तरी त्याने सूर चढू दिला नाही. डावीकडे कुठेतरी माकडं खाकरली. माकड असं खाकरतं तेव्हा त्याने वरून काहीतरी पाहिलेलं असतं.

मोहांच्या पहिल्या झाडांशी बायका उभ्या होत्या, एकमेकींना खेटून. नीलाबाईने विचारलं, "काऊन बोंबलून राह्यले, भाऊ?" पण विचारताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता. देवाजीने मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठच.

"वच्छला कुठी हाय?"

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. इथे मोहाची झाडं घराघराची वाटून घेतलेली असतात, आज्या-पणज्यांपासून. देवाजीच्या घराच्या वाट्याला आलेलं झाड सगळ्यांत शेवटचं, बांबूच्या रांजीला, म्हणजे दाट बेटाला लागून. फुलं सगळ्यांत गोड, म्हणून देवाजी त्या झाडाचा तोरा मिरवायचा.

तो तिकडे निघाला. मागून नीलाबाईने पाण्याचा डबा जमिनीवर ओतला, आणि काही न विचारता काठीने बडवायला लागली. आठही जणी त्याच्या मागे निघाल्या, पाठीला पाठ लावून.

वच्छला मोहाच्या बुंध्याला पाठ टेकवून ताठ उभी होती. टोपली पोटापुढे धरलेली. ती देवाजीकडे वळली नाही. बांबूंकडेच बघत ती ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "घाई करू नोका. बसला हाय."

देवाजीला काही दिसलं नाही. वाळका बांबू, पाचोळा, त्यावर उन्हाचे पट्टे. मग त्यातल्या एका पट्ट्याने कान हलवला.

किती वेळ गेला कोण जाणे. देवाजी एकेक पाऊल टाकत वच्छलापाशी पोचला आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मागे डबा वाजत होता. त्याला वच्छलाला सांगायचं होतं की मी शिक्का पाहिला नाही, पण ती जागा बोलायची नव्हती. त्याने फक्त काठी दोन्ही हातांनी धरली. पूर्वी त्याला ती काठी बरीच लांब वाटायची.

मग जनावर उठलं. गुरगुरलं नाही, डरकाळी फोडली नाही. या माणसांचा कंटाळा आल्यासारखी पाठ फिरवली आणि बांबूत शिरलं. पाचोळ्याचा आवाजसुद्धा आला नाही.

परतताना सगळे एका गठ्ठ्याने चालले, तोंडं बाहेर करून. नाला ओलांडल्यावर सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या.

गावात पोचेपर्यंत देवाजी मोठा माणूस झाला होता. चहा टाकून धावला, शिट्टी न वाजवता अक्कल चालवली, वाघाच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिला. हे सगळं नीलाबाई सांगत होती, आणि नीलाबाईने एकदा सांगितलं की गावात दुसरं कोणी सांगायचं उरत नाही. दहा वर्षांनी सफरचंदांचा हिशेब मिटल्यासारखा दिसत होता. पियुष मोटारसायकलवर आला, वही काढली, भाऊचं नाव साहेबांना सांगतो म्हणाला. गिरजाबाईने ताजा चहा दिला. त्याचे पैसे नकोत म्हणाली, जे तिने आजवर कोणाला म्हटलं नव्हतं.

देवाजीने चहा पिऊन टाकला. गप्प बसला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. वारा सुटला होता हे खरंच होतं; वाऱ्यावर ढकलून दिलं असतं तरी चाललं असतं. तो वच्छलाकडे बघत होता. ती टपरीच्या खांबाला टेकून उभी होती, मोहाखाली उभी होती तशीच, आणि टोपली अजून पोटाशी धरलेली होती.

"माझा ठसा नव्हता तिथी," देवाजी म्हणाला. "वाऱ्यानं पुसला होता. मी पाह्यलंच नाई. सायकलवरून उतरलो बी नाई. तसंच सांगून टाकलं."

पियुषचं पेन थांबलं. नीलाबाई काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली. देवाजीला वाटलं आता ती गाव डोक्यावर घेईल, आणि तिने घ्यावं असंही त्याला वाटलं.

"आमी नऊ जणी वाकून होतो, भाऊ," ती म्हणाली. मग टोपली उचलून घरी गेली.

दिवसभर वच्छला त्याच्याशी भांडली नाही. तिने आणलेली थोडीशी फुलं अंगणात वाळत घातली, स्वयंपाक केला, वाढलं. भांडली असती तर देवाजीला उत्तरं देता आली असती. संध्याकाळी त्याने फांदी ओढली, ठसा दाबला. त्याच वेळी नीलाबाईच्या अंगणात बायका जमल्या होत्या. वच्छला तिथून उशिरा आली. काय ठरलं ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो फुफाट्यापाशी गुडघ्यावर बसला. दुखऱ्या गुडघ्यावरच. ठसा जागेवर होता. तितर होते, ससा होता, कडेने एक मुंगूस गेलं होतं. पंजा नव्हता. नाल्यापर्यंत जाऊन त्याने वाळूही पाहिली. जुने पंजे होते, सुकून ढासळलेले. नवीन काही नव्हतं. परत फिरून फुफाट्यापाशी आला, पुन्हा पाहिलं. मग फोन काढला, बोटाने माईक दाबून धरला. चार सेकंदांचा रिकामा मेसेज तयार झाला, तो त्याने पुसून टाकला.

पाठीमागे बांगड्या वाजल्या. नऊही जणी पांदणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मेसेजची वाट त्यांनी पाहिलीच नव्हती. वच्छलाच्या हातात दोन टोपल्या होत्या. एक तिने पुढे केली.

"धरा."

"हे कायले?"

"तुमी बी वेचाचं. आजपासून," वच्छला म्हणाली. "आमच्यासंगं यायचं, आमच्यासंगं वाकाचं. एकेक जण पाळीनं उभी राहून पाहील. आज मी पाहतो."

देवाजीने नीलाबाईकडे बघितलं. तिथून काही सुटका नव्हती. नीलाबाईने त्याची काठी त्याच्या हातातून काढून वच्छलाला दिली आणि चालायला लागली.

शेवटच्या झाडाखाली फुलांचा पिवळट सडा पडला होता. तीन वर्षांत त्याने इथे एकदाही कंबर वाकवली नव्हती. तो नेहमी उभा राहणारा, बघणारा, सांगणारा. आज तो वाकला. फुलं थंडगार, चिकट. पहिली ओंजळ टोपलीत पडली आणि त्याच्या मानेवर कोणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. वाकल्यावर समोरचं काही दिसत नाही, मागचं तर नाहीच. दिसतात ती फक्त फुलं आणि आपले हात. या बायका असंच तीन-तीन तास वेचत होत्या, रोज.

बांबूत काहीतरी सरकलं.

देवाजी होता तसाच थिजला. "काय हाय?" त्याने मान वर न करता विचारलं.

वच्छला काठी धरून दोन पावलं पुढे गेली. थांबली. आणखी एक पाऊल गेली, बराच वेळ बांबूंमध्ये बघत राहिली. देवाजीच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून एका फुलावर पडला. मग ती मागे आली.

"मोर," ती म्हणाली.

तेव्हा कुठे देवाजीचा हात पुढच्या फुलाकडे गेला.